हन्नाबाईंचं नाव

८ जून, रविवार

हन्नाबाई गेल्या. काल दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सकाळी साडेआठला त्यांच्या मुलीचा, सुवार्ताचा फोन आला तेव्हा माझी परीक्षेची बॅच चालू होती. आठ मुली, आठ पेट्या, त्यात कानाला फोन. दाराबाहेर जाऊन ऐकला. चार वाजता इंदापूरला माती आहे, म्हणाली. मी "येते" म्हटलं आणि आत आले. श्रियाने विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, ओळखीच्या एक बाई वारल्या.

ओळखीच्या! पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षं ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी पेटी शिकले, त्या ओळखीच्या.

गेले नाही. अकराला पालकांची मीटिंग होती, ती एकला संपली. अडीचची एसटी आरामात मिळाली असती. मी ओटा पुसला. मग पुन्हा पुसला. मग कपाटातल्या बरण्या काढल्या. साडेतीनला स्वानंद म्हणाला, आता निघालीस तरी पोचायची नाहीस. ते ऐकून मला बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहिते. खोटं बोलायला बाहेर पुष्कळ जागा आहे.

९ जून, सोमवार

का गेले नाही याचं उत्तर माझ्या दारावरच लावलेलं आहे. चोवीस वर्षं झाली त्या बोर्डाला. 'योगिनी संगीत वर्ग', आणि खाली जरा बारीक अक्षरात 'पं. नीळकंठबुवांच्या शिष्या'. बुवांकडे मी पुण्याला आठ दिवसांच्या शिबिरात शिकले. साठ जण होतो. बुवा माझ्याशी आठ दिवसांत एकदाच बोलले. "जरा तिकडं सरका," म्हणाले.

बोर्ड रंगवणाऱ्याने विचारलं होतं, गुरूंचं नाव काय टाकू? स्वानंदशी नुकतंच लग्न झालेलं, बारामती नवी, सासऱ्यांचा भजनी मंडळात मान. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईंकडे शिकले असं लिहिलं असतं, तर अभंग शिकायला कोणी आपली मुलगी पाठवली असती का? आणि गुरू म्हटला की बुवा लागतो, पंडित लागतो, पाठीमागे घराणं लागतं. बाईंना यातलं काहीच नव्हतं. शिवाय मी धडधडीत खोटं बोललेले नाही. शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे.

हे मी चोवीस वर्षं स्वतःला सांगत आलेय. आज लिहून काढल्यावर फारच लंगडं दिसतंय.

१२ जून, गुरुवार

सुवार्ताचा फोन. मला वाटलं, मातीला आले नाही म्हणून बोलेल. एक शब्द नाही. बावीस तारखेला रविवारी बाईंच्या स्मरणाची उपासना ठेवली आहे, त्या दिवशी पायपेटी तुम्ही वाजवाल का, ताई, असं विचारलं. वाजवणारं दुसरं कोणीच नाही. बाईंचे गुडघे मार्चपासून फार दुखायला लागले, भाता मारवेना, तेव्हापासून तिथे मोबाइलला स्पीकर जोडून गाणी लावतात आणि मंडळी त्याच्या मागून म्हणतात. "ते गाणं कुणासाठी थांबत नाही हो," सुवार्ता म्हणाली. "म्हातारी माणसं निम्म्यातच गप बसतात."

मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी स्वानंदला सांगितलं. लहानपणी शाळेतल्या एका बाईंकडे पेटी शिकले एवढंच त्याला माहीत होतं. खरं म्हणजे मी तेवढंच सांगितलं होतं. तो हसायलाच लागला. पेटी वाजवताना मी मांडी घालून बसले तरी माझ्या पावलांची बोटं आळीपाळीने दाबली जातात, त्यावरून तो मला पहिल्यापासून चिडवतो. "म्हणजे तू चोवीस वर्षं भाता मारतीयेस होय!" पायपेटीला भाता पायांनी मारायचा असतो, दोन्ही हात सुरांवर मोकळे राहतात. आठ वर्षांची सवय, ती कुठे जाणार? क्लासमधल्या मुलींनी एकदा विचारलं होतं, तेव्हा मी दिलं ठोकून, बुवांकडची लय सांभाळायची पद्धत आहे म्हणून. आता माझ्या निम्म्या मुलींची पावलं हलतात.

स्वानंदबरोबर मीही हसले. नंतर भाकरी करपली.

१५ जून, रविवार

शेळगावला माहेरी आप्पांकडे गेले होते. आई गेल्यापासून आप्पा अंगणातच बसलेले असतात. पूर्वी मेंढ्या राखायचे, आता डाळिंबं राखतात. ऐंशी उलटली तरी नजर तशीच, लांबून येणारं माणूस चालीवरून ओळखतात.

पाणी द्यायच्या आधीच म्हणाले, "मातीला का आली न्हाईस?"

मी परीक्षा, पालक, मीटिंग असं काहीबाही सांगितलं. आप्पा ऐकून घेत होते. आप्पांचं ऐकून घेणं फार वाईट असतं, माणूस आपोआप गप बसतं. मग त्यांनीच सांगितलं. ते गेले होते. शेजारच्या मानसिंगच्या जीपमधून, एवढ्या उन्हात, काठी घेऊन. चर्चच्या मागच्या बाजूला लाइनीत उभे राहिले. शवपेटी खड्ड्यात उतरवल्यावर सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली, तशी त्यांनीही टाकली.

"मग परत लाइनीत हुबा ऱ्हायलो," आप्पा म्हणाले. "पाळकसायब म्हनलं, बाबा, तुमची झाली की. म्हनलं, व्हय, ही माज्या लेकीची हाय. तिच्या नावची एक मूठ टाकली आन् आलो."

आप्पाच बोलत राहिले. मला शिकायला इंदापूरला आत्याकडे ठेवलं होतं, तिथलीच गोष्ट, हजार वेळा ऐकलेली. शाळा सुटल्यावर मी चर्चच्या पायरीवर बसून आतली पेटी ऐकायचे. आत्याला वाटलं पोरगी बिघडली. आप्पांना निरोप गेला. आप्पा आले ते मला ओढून न्यायलाच. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, रोज पायरीवर बसते, तर आत बसू दे की. आप्पा म्हणाले, मेंढक्याच्या पोरीला काय येनार? बाई म्हणाल्या, ते मी बघते. तेव्हापासून आप्पा दर दिवाळीला त्यांना घोंगडी नेऊन द्यायचे. मेंढ्या विकल्यावर विकत घेऊन द्यायचे. हे मला आज कळलं.

येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. रडले. बरं वाटलं नाही.

१८ जून, बुधवार

इंदापूर. सुवार्ताने चर्च उघडून दिलं. पेटी तीच, उजव्या पावलाखालची पट्टी तशीच झिजलेली. पहिला अर्धा तास पाय आणि हात एकमेकांचं ऐकेनात. मग एकदम जमलं. बाईंचं एक सांगणं होतं. "ओळ संपली की थांबायचं. म्हाताऱ्यांना श्वास भरून घेऊ दे. पेटी पुढं पळाली तर मंडळी मागं राहतात." थांबायचं म्हणजे नुसतं थांबायचं नाही, सूर धरून ठेवायचा, कोणीतरी परत येणार आहे म्हणून दार धरून ठेवतो तसा. आज मी थांबत होते आणि समोर कोणीच नव्हतं, नुसते बाक.

नंतर घरी चहा. सुवार्ताने बाईंचं गीतपुस्तक दाखवलं. त्यात कागदाची एक घडी होती. पाच वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पेपरात माझी मुलाखत आली होती, तिचं कात्रण. फोटोत मी, मागे बुवांचा फोटो. मथळाच असा होता, 'ओळ संपली की थांबायचं, हे बुवांनी शिकवलं'.

मी ते बोलले होते. पत्रकाराने पदरचं काही घातलेलं नाही.

मी सुवार्ताकडे बघितलंच नाही. तिने कात्रण परत घडी घालून होतं त्या पानात ठेवलं आणि म्हणाली, आईने हे सगळ्यांना दाखवलं होतं, आपली योगिनी पेपरात आली म्हणून. त्यावर कोणीतरी म्हणालं, तुमचं नाव कुठाय मग? तर बाईंनी सांगितलं, माझं नाव कुठे घेऊ नका, तिच्या क्लासला उगाच त्रास.

म्हणजे बाईंचीच तशी इच्छा होती. त्यांना समजत होतं. बसमध्ये येताना खूप हलकं वाटत होतं, दहा दिवसांत पहिल्यांदा. त्यांनीच सांगितलंय म्हटल्यावर मी एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. कात्रण आवडलं असेल म्हणूनच जपलं ना? निमगाव केतकीला एसटी थांबली तेव्हा उतरून पेरूही घेतले.

२२ जून, रविवार

चर्च भरलेलं. बाहेर मांडवातही खुर्च्या. बाईंच्या हाताखालून गेलेली माणसं कुठून कुठून आली होती, बावड्याहून, कळंबहून, एक तर सोलापूरहून. शाळेत त्यांनी गणित शिकवलं, चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी वाजवली. लोक उठून बोलत होते. एकाने सांगितलं, माझ्या लग्नात नवरी दोन तास उशिरा आली, बाई दोन तास वाजवत होत्या, आम्हाला कळलंसुद्धा नाही उशीर झाला ते. सगळे हसले, डोळे पुसत होते तेही.

पाळकसाहेब तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी माझी ओळख करून दिली. "आज आपल्यासाठी बारामतीहून वेळात वेळ काढून आल्या आहेत पंडित नीळकंठबुवांच्या शिष्या, योगिनीताई." त्यांचा काही दोष नाही. माझ्या क्लासच्या फेसबुकच्या पानावर जे लिहिलंय ते त्यांनी वाचलं. मी उठून सांगू शकत होते. माइक दोन हातांवर होता. समोरच्या बाकावर आप्पा बसले होते. मी नमस्कार केला आणि पेटीवर बसले.

वाजवलं मात्र चांगलं. ते मी खोट्या नम्रतेने नाकारणार नाही. पहिल्या गीताच्या दुसऱ्या ओळीनंतर मी थांबले आणि मागच्या बाकांवरून म्हाताऱ्यांचे आवाज आले, सावकाश, जड, पण आले. मग ते शेवटपर्यंत गप बसले नाहीत. सुवार्ता तोंडावर रुमाल धरून गात होती.

शेवटी मला शाल दिली. पाहुण्या म्हणून.

बाहेर पडताना एका आजींनी माझा हात धरला. सगुणाआजी नाव, डोळ्यांना कमी दिसतं. हात सोडेनातच. "पोरी, हन्नाच वाजवतीया असं वाटलं गं. कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

मी म्हटलं, "पुण्याला."

आजींनी माझी बोटं पुन्हा एकदा चाचपून बघितली. "व्हय का," म्हणाल्या. आणि सोडली.

त्यांच्यामुळे काय त्रास होणार होता माझ्या क्लासला? त्या काय बारामतीत येऊन सांगणार होत्या? तरी तोंडातून तेच निघालं. आता वाटतं, चोवीस वर्षांत मला दुसरं उत्तर येतच नाही.

आप्पांनी ऐकलं होतं. शेळगावपर्यंत एसटीत माझ्या शेजारीच बसले होते. उतरताना शाल माझ्या मांडीवरून उचलून नीट घडी घातली, परत दिली आणि गेले.

२३ जून, सोमवार

क्लास बंद ठेवला. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

१ जुलै, मंगळवार

एक गोष्ट मी या वहीतसुद्धा लिहिली नव्हती. त्रास नको म्हणून बाईंनीच नाव घेऊ नका म्हटलं, हे धरून इतके दिवस बसले होते. पण बाईंनी माझ्याकडे नाव मागितलंच नव्हतं. दुसरंच मागितलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. बाई न सांगता एसटीने आल्या. बुवांच्या फोटोला हार, कुंकू, समोर मुली ओळीने पाया पडतायत, आणि बाई मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. कोणी विचारेल म्हणून मीच पुढे होऊन सांगून टाकलं, या माझ्या शाळेतल्या बाई. गणिताच्या. तेही खोटं नव्हतं. बाई हसून म्हणाल्या, हो, गणितात कच्ची होती. सगळे हसले. माझी वेळ निभावली.

सगळे गेल्यावर म्हणाल्या, "योगिनी, माझ्यानंतर तिथं वाजवायला कोणी नाही. आमच्या पोरांना मोबाइलच पुरे आहे. तुझ्याकडे एवढ्या मुली आहेत, त्यातली एखादी दे. कोणाचीही असू दे. ती चर्चला येऊ नये म्हटली तरी चालेल, नुसती पायपेटी शिकू दे. पाय चालतायत तोवर शिकवून ठेवते. हवं तर शनिवारी मी इथं येत जाईन."

मी म्हटलं, बघते.

माझ्या क्लासला त्रेचाळीस मुली होत्या तेव्हा. एकीच्याही घरी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बाई कोण हे सांगायला लागलं असतं. आणि पालक म्हणाले असते, चर्चमध्ये कशाला पाठवायची? हे पालकांचं बोलणं मी त्यांच्या वतीने स्वतःच ठरवून टाकलं. त्यानंतर बाईंचे फोन यायचे, नाताळला, दिवाळीला, माझ्या वाढदिवसाला. दर वेळी बोलणं संपताना विचारायच्या, बघितलीस का गं कोणी? आणि मी दर वेळी, बघते. या मार्चमध्ये फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. गुडघे गेले होते त्यांचे.

नाव चोरलं त्याची लाज वाटते. पण ती वाजवणारी मुलगी झाली असती, आणि माझ्यामुळे झाली नाही, याला काय म्हणायचं? मी अपराधी आहे. दुसरा शब्द मिळत नाही आणि शोधायचाही नाही.

५ जुलै, शनिवार

ठरवलं. यंदा गुरुपौर्णिमेला बाईंचा फोटो ठेवायचा. मोठा करून घ्यायचा, चंदनाचा हार, समई, सगळं यथासांग. स्वानंदला सांगितलं तर तो म्हणाला, कर, पण चोवीस वर्षं काय सांगितलंस ते लोक विचारतील. मी म्हटलं, विचारू देत. बोलायला सोपं होतं. फोटो बोलेल, मला फार बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

फोटो मागायला सुवार्ताला फोन केला. हार, समई, सगळं सांगितलं. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, हार नका घालू. कुंकूही नको. आमच्यात माणसाची पूजा करत नाहीत, आईला ते चाललं नसतं."

मी म्हटलं, अगं, मग मी करू तरी काय?

"नाव घेता येईल की," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी भांडून मोकळी झाले असते.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

झालं. घडलं तसं लिहिते.

बुवांचा फोटो लावला नाही. त्यांचा हार सवयीने आणला गेला होता, तो पिशवीतच राहिला. टेबलावर नुसती समई. तीस-पस्तीस मुली, आई-वडील, एकदोन आजोबा. मुली फुलं घेऊन उभ्या, कुठे वाहायची कळेना. मी माइक न घेता बोलले.

मी म्हटलं, "माझ्या गुरू हन्नाबाई आढाव. इंदापूरच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं त्या पायपेटी वाजवत होत्या. मला पेटी त्यांनी शिकवली. बुवांकडे मी फक्त आठ दिवस होते. बोर्डावर लिहिलंय ते खरं नाही."

पंखा फिरत होता. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. कोणी उठलं नाही. एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाल्या? त्याने सांगितलं, त्यांच्या गुरूंचं नाव सांगितलं. आजोबा बरं म्हणाले. मागच्या एका वडिलांनी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा विचारलं. पेढे वाटले. चोवीस वर्षं ज्याला भ्यायले ते एवढंच होतं.

श्रिया जवळ येऊन म्हणाली, मॅडम, मग ओळीनंतर थांबायचं ते कोणी शिकवलं? मी म्हटलं, त्यांनीच. पाय हलवायचं? तेही त्यांनीच, पण ते शिकवलं नव्हतं गं. ती हसली.

मुली गेल्यावर श्रियाची आई अश्लेषाताई थांबल्या. इथे वकिली करतात, मोजकं बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, श्रिया दोन वर्षं पायपेटी पायपेटी करतेय, नाटकात बघितल्यापासून. शिकवणारं कोणी मिळेना. तुमच्या या बाई अजून शिकवतात का? दर शनिवारी अशिलांना भेटायला माझं इंदापूरला जाणं असतं, मी सोडत जाईन."

मी सांगितलं, गेल्या महिन्यात वारल्या.

त्यांना खरंच वाईट वाटलं. दारात सँडल घालता घालता म्हणाल्या, "मागच्या वर्षी बोलला असतात तर तेव्हाच पाठवली असती."

मागच्या वर्षी बाई दर रविवारी वाजवत होत्या.